दुधरामचा सरदार

खैरटोल्याच्या दुधरामला देवानं आवाज दिला आणि अक्षर द्यायचं राहून गेलं. आवाजाची गोष्ट अर्जुनी मोरगावपासून पलीकडच्या जंगलापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. अक्षराची गोष्ट गावात फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होती, आणि ती बोलणाऱ्यांतली नव्हती.

यात पाप कुणाचं असेल तर ते त्याच्या मामाचं. भैयाजी मामा कामठ्याला मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीचा बाप म्हणाला, "आमची प्रेमिला चौथी पास हाये. अंगठेबहाद्दराले मी पोरगी देत नाई." मामानं पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "आमचा दुधराम बी चौथीच पास. पोथी वाचते तं आख्खं गाव आयकते." गाव पोथी ऐकायला जमायचं हे खरं होतं, पण दुधरामला ती ऐकून ऐकून पाठ झाली होती, पुस्तक समोर असायचं ते शोभेला. लग्नं अशीच जुळतात, आणि पुढचं निस्तरायला मामा नसतो.

लग्नानंतर महिन्याभरानं कामठ्याहून पत्र आलं. दुधरामनं ते हातात घेतलं, मागून पुढून पाहिलं आणि म्हणाला, "तूच वाच. माहे डोरे दुखून राहिले." डोळे आठ दिवस दुखत राहिले. नवव्या दिवशी पाटलाकडून चिठ्ठी आली तेव्हा प्रेमिलानं ती त्याच्या हातातून आपणच घेतली आणि चूल फुंकता फुंकता मोठ्यानं वाचली, जशी काही तिला स्वतःशीच बोलायची सवय होती. पुढं नऊ वर्षं घरात आलेला प्रत्येक कागद तिनं असाच वाचला. कधी विचारलं नाही, कधी टोमणा मारला नाही, माहेरी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. दुधराम मनातल्या मनात तिच्या पाया पडायचा. तोंडानं मात्र भाजीत मीठ कमी आहे एवढंच म्हणायचा. नवऱ्यांची जात ती तशी.

आता नाटकाचं. भाऊबीज झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, आणि रात्री हलक्या धानाच्या कापलेल्या बांधीत, म्हणजे खाचरात, वाळलेलं तणस पसरून नाटक होतं, ते थेट उजाडेपर्यंत. खैरटोल्याची मंडळी बहुतेक शेतकरी. नांगर सोडला की तलवार हाती घ्यायची. त्यांचं ठरलेलं नाटक म्हणजे सरदाराचं नाटक. पुस्तकाची पहिली पानं फाटलेली असल्यामुळं नाटकाचं खरं नाव आणि लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणाचं अडलंही नव्हतं. एक शूर सरदार असतो. त्याची सोन्यासारखी बायको असते, सगळे तिला राणी म्हणतात. दिवाण त्याच्या कानात विष ओततो, सरदार संशयानं पेटतो आणि शेवटच्या अंकात निरपराध बायकोचा स्वतःच्या हातांनी गळा दाबतो. मग खरं कळतं आणि तो स्वतःच्या पोटात कट्यार खुपसतो. इतकं रडायला मिळाल्यावर लोकांना आणखी काय पाहिजे?

सरदार दुधरामचा. दिवाणाचं काम मनिराम शिंप्याचं. मनिराम इतका गरीब स्वभावाचा की अंगणातल्या कोंबडीलाही तो 'बाजूले हो बाई' म्हणायचा. पण गालावर काजळाची रेघ ओढली की बाया त्याला शिव्या घालायच्या. आणि सरदाराची बायको होती शालीकराम. तेव्हा गावाच्या नाटकात बायका कुठल्या यायला! शालीकराम तेविसाचा, सातवी झालेला, गोरा, बारीक, आणि गळा असा की त्यानं पद सुरू केलं की विड्या विझून जायच्या. नागपूरच्या एका फिरत्या कंपनीच्या मॅनेजरनं त्याला मागच्या वर्षी ऐकलं होतं आणि या दिवाळीनंतर ये म्हणून निरोप धाडला होता. घरात म्हातारी आई होती. तिनं पोराची कपड्यांची पेटी आतापासूनच पुसून ठेवली होती.

दुधरामची तालीम मात्र पोळ्यापासून शेतातच सुरू व्हायची. नटाची आणि त्याच्यासमोरच्याची भाषणं उतरवलेली वही असते तिला नक्कल म्हणतात. दुधराम बांधीत गुडघाभर चिखलात निंदण करायचा आणि प्रेमिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून नक्कल वाचायची. त्याचं भाषण ती आधी म्हणायची, तो मागून म्हणायचा. मग राणीचं ती म्हणायची, सरदाराचं तो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, बायको नवऱ्याचं पाठांतर तपासून राहिली. घरात 'आयकता का जी' आणि 'का वं' याच्या पुढं ज्यांची भाषा गेली नव्हती ते दोघं भर दुपारी धानात उभे राहून एकमेकांना नाथ आणि प्राणेश्वरी म्हणायचे. प्रेमिलाच्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे दोन महिने असायचे, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या नाटकात एक जागा होती. सरदार विचारतो, "सांग, तुझ्या मनात कोणाचं नाव आहे?" आणि राणी म्हणते, "नाथ, जे नाव मनात आहे ते ओठांवर आणायची मला चोरी आहे." आता बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. सगळी मंडई उसासा टाकायची. एकट्या सरदाराच्या डोक्यात प्रकाश पडायचा नाही. दुधराम दर वर्षी त्या जागी हसायचा. चिखलाचा हात कपाळाला लावून म्हणायचा, "येवढी फौज सांभाळते अन् बायकोचं येवढं बोलनं समजत नाई! सरदार नाई, बैल हाये."

सन त्रेपन्नमध्ये जुन्या नकला वाळवीनं खाल्ल्या. शालीकरामनं महिनाभर बसून सगळ्या नव्यानं उतरवल्या. काळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात, एकेक ओळ आखल्यासारखी. दुधरामची नक्कल त्यानं घरी आणून दिली आणि प्रेमिलाला म्हणाला, "वहिनी, अक्षर लागत नसंल तं सांगजा."

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर प्रेमिला वाचत वाचत शेवटच्या अंकाला आली. "ज्या हातांनी तुझ्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं, तेच हात आज…" इथं ती थांबली. कडेला लाल शाईत, तिरप्या दोन ओळी होत्या. तिनं त्या मनात वाचल्या आणि तिला हसू आलं.

"का वं? का झालं?" दुधरामनं खालून विचारलं.

"काई नाई जी," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "अक्षर लय सुंदर हाये."

त्या ओळी अशा होत्या: 'वहिनी, हे भाषण भाऊ एका दमात म्हणतात आणि शेवट खाऊन टाकतात. त्यांना इथं थांबायला सांगा. मी लिहिलं हे सांगू नका.' म्हणजे शालीकरामला ठाऊक होतं. तालमीत त्यानं कधीतरी पाहिलं असेल की वही समोर असली तरी दुधरामची नजर कागदावरून चालत नाही. त्यानं चकार शब्द काढला नव्हता, आणि सूचना द्यायची तर ती वाचणाऱ्या माणसालाच द्यावी एवढी समज त्याला होती. प्रेमिलाला हे सगळं एका क्षणात कळलं. नवऱ्याला सांगावं, तर त्याची नऊ वर्षांची झाकली मूठ उघडी पडल्याचं त्याला कळणार. तो मान खाली घालणार, कदाचित काम सोडणार. म्हणून ती 'काई नाई' म्हणाली. चांगुलपणानं बोललेलं खोटंही खोटंच असतं, आणि त्याचा हिशेब चांगुलपणाकडं बघून होत नाही.

दुधरामला वाचता येत नव्हतं, पण लाल आणि काळा हा फरक आंधळ्याखेरीज सगळ्यांना कळतो. संध्याकाळी प्रेमिला पाण्याला गेली तेव्हा त्यानं वही उघडली. पानं उलटत गेला. सगळी ओळीत, काळी, मुकाट. एकाच पानावर कडेला ते लाल दोन रेघांचं तिरपं लिखाण. नाटकाची असती तर ओळीत असती. ती हसली. मग लपवलं. मग अक्षराची तारीफ केली.

नाटकात संशय पेटवायला दिवाण लागतो. इथं कुणाची गरज पडली नाही. उलट मनिराम दिवाण तालमीत दोनदा म्हणाला, "दुधरामभाऊ, तब्येत बरी नाई का? चेहरा उतरून राहिला." दुधराम त्याच्यावर खेकसला. त्याचं डोकं रात्रंदिवस एकच सूत कातत होतं. शालीकराम घरी का आला? तालमीत का नाही दिली वही? 'वहिनी' म्हणताना खाली का बघतो? आणि ते हिरवं लुगडं. राणीच्या कामासाठी गावातून लुगडी मागून आणायची रीत होती, आणि प्रेमिलाचं हिरवं लुगडं दर वर्षी जायचं. दर वर्षी दुधराम स्वतःच ते घडी करून तालमीला न्यायचा. या वर्षीही त्यानंच नेलं. तरी शालीकरामच्या खांद्यावर ते पाहिल्यावर ते कुणी चोरूनच नेल्यासारखं त्याला वाटलं.

सगळ्यांत वाईट विचार त्याला बैल धुताना तलावावर सुचला. जी बाई एक गोष्ट नऊ वर्षं पोटात ठेवते, बापालाही सांगत नाही, तिच्या पोटात दुसरी राहणार नाही कशावरून? तिच्या ज्या गुणापायी तो जगात मान वर करून फिरत होता, तोच गुण त्यानं तिच्याविरुद्ध साक्षीला उभा केला. मत्सर माणसाला आंधळं करतो असं म्हणतात. साफ खोटं. मत्सरी माणसाला फार दिसतं, आणि दिसेल ते एकाच बाजूला लागतं.

सुटका दोन पावलांवर होती. कुणालाही ते पान दाखवायचं आणि 'का लिवलं हाये?' विचारायचं. बस. पण ते विचारणं म्हणजेच आपला अंगठा जगापुढं धरणं. शेवटी मंडईच्या आठ दिवस आधी तो वही धोतराच्या सोग्यात खोचून अर्जुनीच्या बाजाराला गेला. गावातला माणूस नको म्हणून गुलाबचंद सेठच्या किराणा दुकानासमोर उभा राहिला. गुलाबचंदनं त्याला बघितलं आणि गादीवरूनच हात जोडले.

"अरे, सरदार साहब! आइए, आइए. पिछले साल क्या काम किया आपने, हमारी घरवाली तीन दिन रोती रही."

दुधरामनं वही काढली. "सेठ, हे जरा पाहा. हे लाल अक्षर…"

"हम क्या देखें?" सेठ चष्मा शोधता शोधता हसला. "इतने लंबे-लंबे डायलॉग याद करते हो, आप तो पढे-लिखे आदमी हो. हमारी मराठी तो बस दुकान की है."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. चौघंही सरदाराकडं कौतुकानं बघत होती. दुधरामनं वही मिटली. "शाई कशी हाये म्हून विचारून राहिलो होतो," तो म्हणाला आणि वळला. दोन कोसांची वाट तो कसा चालला ते त्याचं त्याला कळलं नाही.

घरी आला तेव्हा प्रेमिला अंगणात बसून सुपानं धान पाखडत होती. तीन वर्षांची शामकला शेजारी कोंड्यात खेळत होती. दुधराम अंगणाच्या मधोमध उभा राहिला. त्याला विचारायचं होतं साधं, आपल्या भाषेत. पण घरच्या भाषेत असलं काही विचारायला त्याच्याजवळ शब्दच नव्हते. होते ते सगळे सरदाराचे, आणि ते त्याला प्रेमिलानंच शिकवले होते.

"सांग," तो म्हणाला, "तुझ्या मनात कोणाचं नाव आहे?"

प्रेमिलाला वाटलं, तालीम. चुलीशी, गोठ्यात, जेवताना, केव्हाही तो असा मध्येच सुरू व्हायचा आणि ती पुढचं म्हणायची. इतकी वर्षं त्यांचं तसंच चाललं होतं. तिनं सूप हलवत, मान वर न करता, पाठ असलेलं वाक्य म्हटलं.

"नाथ, जे नाव मनात आहे ते ओठांवर आणायची मला चोरी आहे." आणि आज तो फार छान बोलला म्हणून ती हसली.

ज्या वाक्याला तो दर वर्षी सरदाराला बैल म्हणायचा, ते त्यानं उभ्या उभ्या ऐकलं आणि मागं फिरला. प्रेमिला बराच वेळ स्वतःशी हसत होती. या वर्षी काम रंगणार, तिनं शेजारणीला सांगितलं.

काम रंगलं. त्या वर्षीची मंडई अजून लोकांच्या तोंडी आहे. पहिल्या अंकातच माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. दुधराम ओरडत नव्हता. नेहमी तो गॅसबत्त्या हलतील असा गरजायचा; त्या दिवशी तो हळू बोलत होता आणि शेवटच्या बैलगाडीवरच्या म्हाताऱ्यालाही ऐकू येत होतं. त्याच्या डोळ्यांकडं बघून बायांनी लेकरं जवळ ओढली. बाकीचे नट नाटक करत होते, तो एकटा खरोखर त्या दिवाणखान्यात उभा होता.

शेवटचा अंक लागला तेव्हा पूर्वेकडं फटफटलं होतं. शालीकराम हिरव्या लुगड्यात पलंगावर पडला होता. त्याचं शेवटचं पद झालं. त्या पदानंतर टाळी पडायची. त्या दिवशी नुसती शांतता पडली. दुधराम जवळ आला आणि त्यानं भाषण सुरू केलं. ज्या हातांनी तुझ्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं. आणि त्यानं हात टेकवले.

नाटकात हात टेकवायचे आणि राणीनं मान टाकायची, एवढंच ठरलेलं. शालीकरामनं मान टाकली. हात सुटले नाहीत. त्याला वाटलं, भाऊ रंगात आले. मग त्यानं दुधरामची मनगटं धरली. मग पाय झाडले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. असं मरण त्यांनी कधी बघितलं नव्हतं. दुधरामला टाळ्या ऐकू आल्या. पुढं आयुष्यभर त्याला तेच आठवायचं, की आपल्याला टाळ्या ऐकू येत होत्या आणि त्या ऐकून आपण आणखी दाबलं.

मनिरामला पडद्याआडून शालीकरामच्या पायाची बोटं ताठलेली दिसली. तो तसाच काजळाची रेघ घेऊन धावत बाहेर आला आणि दुधरामच्या हाताला लोंबकळला. "सोडा, भाऊ! मरंल तो!" दिवाण राणीला वाचवायला आला म्हणून मंडई खदखदून हसली, कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी भाकरीचा तुकडा फेकून मारला. मनिरामनं बोटाला कडकडून चावा घेतला तेव्हा ते हात सुटले. कुणीतरी पडदा ओढला. कट्यारीचा प्रवेश त्या वर्षी झालाच नाही, आणि कुणी विचारलंही नाही. पाटलानं स्टेजवर चढून चांदीचा बिल्ला जाहीर केला.

शालीकराम वाचला. गळा वाचला नाही. आठ दिवस गरम पाणी, हळद, वैदूचा लेप झाला. मग गोंदियाच्या डॉक्टरानं आरशानं आत बघितलं आणि सांगितलं, आतलं हाड चेपलंय, आवाज आता असाच राहील. असाच म्हणजे सुक्या पानावरून काही सरपटावं तसा. कंपनीच्या मॅनेजरला निरोप गेला. आईनं पेटी परत माळ्यावर ठेवली.

ही बातमी आली त्या दुपारी दुधरामनं नक्कल काढली आणि प्रेमिलापुढं टाकली. आता त्याला कशाचीच लाज उरली नव्हती. "हे लाल वाच."

प्रेमिलानं त्याच्याकडं पाहिलं. "मले येत नाई वाचता, हे तं तुले मालूम हाये," तो म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते तोंडानं कबूल केलं होतं. "वाच."

तिनं वाचलं. 'वहिनी' पासून 'सांगू नका' पर्यंत, सरळ, न अडखळता. वाचून झाल्यावर तिनं वर बघितलं आणि नवऱ्याचा चेहरा बघितला. अंगणातला तो प्रश्न, ते उत्तर, टाळ्या, मनिरामचा चावा, सगळं तिच्यापुढं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

दुधराम जमिनीवर बसून डोकं आपटायला लागला. त्या पोरानं त्याची अब्रू झाकली होती आणि त्यानं त्याचा गळा फोडला होता. "मी जातो," तो म्हणाला. "त्याच्या पायावर पडतो. गावाले सांगतो, मी जानून केलं."

"का सांगान?" प्रेमिला म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "बायकोवर शक आला म्हून केलं, असं सांगान? तुमचं मन हलकं होईल. पुढं माह्या नावाचं का? उद्यापासून पानोठ्यावर बाया का बोलतीन? काई तं असंल, म्हून शक आला, असंच ना? अन् त्या पोराचा आवाज गेला, आता नाव बी घालवता?"

दुधराम उठत होता, तो परत खाली बसला.

"तुमाले वाचता येत नाई, हे मी तुमच्या अंगावर कधी येऊ देल्लं नाई," ती म्हणाली. "मले वाचता येते, येवढाच माहा गुन्हा झाला." तिनं वही उचलली आणि चुलीत घातली. ती जळेपर्यंत दोघंही बघत बसली.

ती माहेरी गेली नाही. जाऊन काय सांगणार होती? भात, लाखोरीची डाळ, शेण, पाणी, रोवणा, कापणी, सगळं पूर्वीसारखं करत राहिली. फक्त घरात आलेला कागद ती घडी न मोडता खुंटीवर अडकवून ठेवायची. पुढं शामकला शाळेत जायला लागली आणि अडखळत अडखळत ती ते कागद वाचायला लागली. दुधराम लेकीपुढं मान खाली घालून ऐकायचा. दुसरं गुपित बाईच्या पोटात आहे अशी त्याला शंका आली होती ना? आता होतं. त्यानंच ते दिलं होतं.

दुधरामनं पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. लोकांनी खूप मनधरणी केली, मग ठरवून टाकलं की एवढा मोठा नट, एकदा शिखर गाठल्यावर खाली कशाला उतरेल. मनिराम त्याला भेटायचा, बोलायचा, कपडे शिवून द्यायचा. पण माप घेताना पूर्वी तो गप्पा मारायचा, ते त्यानं सोडून दिलं. आणि शालीकराम? त्यानं घरची तीन एकर शेती धरली, नाटकात पडदा ओढायचं काम घेतलं, आणि दर मंडईला दुधरामच्या घरी येऊन त्या कुजबुजत्या आवाजात म्हणायचा, "भाऊ, तुमच्यासारखं काम पुन्हा झालं नाई." प्रेमिला त्याला चहा करून द्यायची आणि कप ठेवून लगेच आत जायची.

साठ साली मंडळींनी दुधरामचा सत्कार ठरवला. मंडईच्या दिवशी टळटळीत दुपारी, लाऊडस्पीकर लावून. त्यानं नाही म्हणून बघितलं; कुणी ऐकेना. शाल पाटलाच्या हातून द्यायची ठरली होती, पण ऐनवेळी शालीकराम पुढं आला आणि त्यानं ती आपल्या हातात घेतली. माइकजवळ तोंड नेलं. त्या घरघरीनं आधी पोरं हसली, मग सगळे गप्प झाले.

"लोकहो," तो म्हणाला, "हा गळा मी या मानसाच्या हातात देल्ला. लोक मले म्हंतात, तुहं नुकसान झालं. झालं. पर त्या दिवशी मी जे पाह्यलं ते तुमी कोनी पाह्यलं नाई. तुमी दुरून पाह्यलं, मी डोऱ्यात पाह्यलं. असा नट पुन्हा होनार नाई. मले राग नाई, अभिमान हाये." आणि त्यानं शाल दुधरामच्या खांद्यावर घातली.

दुधरामचे ओठ हलले. त्यानं बायकांच्या बाजूला बघितलं. प्रेमिला तिथं शामकलाचा हात धरून बसली होती आणि त्याच्याकडंच बघत होती. त्यानं ओठ मिटले. मग तो बेचाळीस वर्षांचा माणूस सगळ्या गावादेखत खाली वाकला आणि बारा वर्षांनी लहान असलेल्या शालीकरामच्या पायांवर डोकं ठेवून तिथंच राहिला. शालीकराम ओशाळून त्याला उठवायला लागला, "भाऊ, भाऊ, हे का करून राहिले!" पण तो लवकर उठेना.

टाळ्या थांबता थांबत नव्हत्या. पाटलानं डोळे पुसले. म्हातारी माणसं नातवंडांना दाखवत होती, बघा, एवढा मोठा नट, पण अंगात एवढासाही गर्व नाही. प्रेमिला उठली, तिनं लुगड्याला लागलेलं तणस झटकलं आणि लेकीला घेऊन गर्दीतून घराकडं चालू लागली. वाटेत तीन बायांनी तिला अडवून सांगितलं की तिनं मागल्या जन्मी मोठं पुण्य केलं असलं पाहिजे, म्हणून असा नवरा मिळाला. तिनं तिघींनाही हो म्हटलं.